शहर न बघता शहराभोवती: कॅनबेरा सेंटेनरी ट्रेल

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीला सायकलने पूर्ण फेरी मारायची तर १४५ किलोमीटर पायडल मारावं लागतं. २०१३ साली कॅनबेराला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने शहराभोवतीच्या टेकड्या, राखीव रानं, वणव्याच्या गाड्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते, नदीकाठ आणि मधले काही सायकलमार्ग एकमेकांना जोडून ही वाट तयार केली. चालणाऱ्याने सात दिवस धरावेत, सायकलवाल्याने तीन, असा साधारण हिशेब. मोटारसायकलींना बंदी.

मी राहतो उत्तरेकडच्या गंगालिनमध्ये. नाव वाचून आपल्याला उगाच गंगा आठवते, पण संबंध काही नाही. वाटेचे तुकडे मी शनिवार-रविवारी केले होते, सलग फेरी मात्र राहिली होती. ऑक्टोबरात मेहुणा पुण्याहून आला. तो कोथरूडचा, वेताळ टेकडीवर सायकल घालणारा. पहिल्याच रात्री जेवताना त्याने नकाशा पसरला आणि विषय संपला. त्याच्यासाठी भाड्याने हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली सायकल घेतली, माझी जुनी दोन्ही चाकांना सस्पेन्शनवाली होतीच. सामान कमीत कमी: तंबू, झोपायच्या पिशव्या, छोटी गॅसची शेगडी, आणि बायकोने बांधून दिलेल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी.

पहिला दिवस: पार्लमेंट ते उत्तर सीमा

सुरुवात कॅपिटल हिलवरून. इथलं पार्लमेंट हाउस १९८८ सालचं. टेकडीचा माथा कापून इमारत बसवली आणि वर पुन्हा हिरवळ चढवली, त्यामुळे लांबून दिसतो तो फक्त ८१ मीटर उंचीचा झेंड्याचा खांब. तिथून उतार, मग पूल ओलांडून लेक बर्ली ग्रिफिन. तलाव नैसर्गिक नाही. मोलोंग्लो नदी अडवून तो केला आणि १९६४ साली त्याचं उद्घाटन झालं. पुढे ॲन्झॅक परेडचा सरळसोट रुंद रस्ता, टोकाला युद्धस्मारक आणि त्याच्या पाठीशी माउंट एन्सली.

एन्सलीच्या माथ्यावर (८४३ मीटर) डांबरी रस्ता जातो. वर जायचं की नाही यावर दोन मिनिटं चर्चा झाली, कारण पाय अजून तापले नव्हते. गेलो ते बरं केलं. वरून या शहराचा नकाशा जसाच्या तसा समोर येतो: खाली स्मारक, सरळ रेषेत परेड, तलाव, पलीकडे पार्लमेंट, आणि तीच रेषा आणखी पुढे नेली तर क्षितिजावरच्या बिंबेरी शिखराकडे जाते. १९१२ सालची आराखड्याची स्पर्धा वॉल्टर बर्ली ग्रिफिनने जिंकली. त्याची चित्रं काढली होती बायकोने, मॅरियन महोनी ग्रिफिनने. दोघंही शिकागोत, जागा डोळ्यांनी न पाहिलेली, आणि तरी तिच्या चित्रात हाच माथा आणि हाच देखावा आहे.

मी मेहुण्याला सांगितलं, की हा ग्रिफिन लखनौमध्ये वारला. १९३५ साली तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी गेला आणि १९३७ साली तिथेच गेला; कबरही लखनौत आहे. मेहुणा काही क्षण गप्प राहून म्हणाला, "म्हणजे राजधानी इथे आणि माणूस आपल्याकडे." मग त्याने चारी बाजूंना नजर फिरवली. "पण दाजी, शहर कुठाय?"

प्रश्न बरोबर होता. खाली साडेचार लाखांच्या आसपास लोक राहतात, आणि दिसतात ती झाडं. मधूनच एखादं छप्पर, कुठे एखादी उंच इमारत. टेकड्या म्हणजे शहराची पार्श्वभूमी, त्यांच्यावर घरं चढवायची नाहीत, हे सूत्र आराखड्यातच होतं आणि पुढच्या नियोजनकारांनी ते बऱ्यापैकी पाळलं. त्यांना ते जमलं, त्याचं एक रोकडं कारण आहे. राजधानीसाठी जमीन ठरली तेव्हा ती सरकारने ताब्यात घेतली आणि आजही घराखालची जागा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानेच मिळते. टेकडीचा मालक म्हणून कुणी उभाच राहत नाही. पुण्यात टेकड्यांवर आरक्षण टाकलं तरी सातबारा कुणाच्या तरी नावावर असतो आणि भांडण तिथूनच सुरू होतं. वेताळ टेकडीवरच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध मेहुणा मोर्चात गेलेला आहे, त्यामुळे हा मुद्दा त्याने पुढचे पाच-सहा किलोमीटर सोडला नाही.

आणखी एक गोष्ट. ही झाडी पाहून हे सगळं मूळचं रान असेल असं वाटतं, पण तसं नाही. शहर वसायच्या आधी इथे मेंढ्यांची कुरणं होती आणि कितीतरी उतार बोडके झाले होते. चार्ल्स वेस्टन नावाच्या सरकारी उद्यानतज्ज्ञाने १९१३ नंतरच्या वर्षांत रोपवाटिका उभारून लाखो झाडं लावली. त्याच्याही फार आधीपासून, हजारो वर्षं, ही नन्गवाल लोकांची भूमी.

एन्सलीहून माउंट मजुरा या टेकडीकडे जाताना कच्चा रस्ता सुरू झाला आणि खरी सायकल सुरू झाली. वणव्याच्या बंबांसाठी काढलेले हे रस्ते चढाची पर्वा करत नाहीत, टेकडीवर सरळ वर जातात. वर मुरमाची भुसभुशीत खडी. बसून मारावं तर पुढचं चाक उचलतं, उभं राहावं तर मागचं घसरतं. दोन ठिकाणी आम्ही मुकाट्याने उतरून ढकलली. कांगारू मात्र रस्त्याकडेला ओळीने बसून बघत होते. त्यांना सायकलीचं काहीच वाटत नाही, अगदी जवळ गेल्यावर एखादा उठतो आणि उपकार केल्यासारखा बाजूला होतो.

वॉटसन हे उपनगर सोडलं, फेडरल हायवे ओलांडला आणि गुरूयारू-मलिगन्स फ्लॅटच्या भागात शिरलो. इथली झाडं विरळ, खाली गवत, मध्ये पिवळट खोडांचे जुने युकॅलिप्टस. असं मोकळं गवताळ रान ऑस्ट्रेलियात आता फार थोडं उरलंय, बाकीचं शेतीखाली गेलं. मलिगन्स फ्लॅटला उंच जाळीचं कुंपण आहे आणि त्याचा वरचा भाग बाहेरच्या बाजूला लोंबता ठेवलाय. कोल्हा किंवा मांजर चढायला लागलं की ती जाळी त्याच्या वजनाने डुलते आणि ते खाली पडतं. आत बेटाँग सोडलेत. सशाएवढा प्राणी, कांगारूच्या कुळातला, रात्री जमीन उकरून भूछत्रं खाणारा. मुख्य भूमीवरून तो सुमारे शतकभरापूर्वी नाहीसा झाला होता, टास्मानियात उरला होता. तिथून २०१२ साली तो इथे परत आणला. दिवसा दिसत नाही. आम्हाला दिसले ते त्याने उकरलेले बोटभर खोल खड्डे, एकाशेजारी एक, आणि प्रत्येकात वाळका पाला साचलेला. माती अशी हलली की पाणी मुरतं आणि बी धरतं. म्हणजे एकेकाळी इथली मशागत हाच करायचा.

मुक्काम नॉर्दर्न बॉर्डर कॅम्पग्राउंडवर. सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठीच केलेली साधी जागा: तंबूपुरती सपाटी, संडास, पाण्याची टाकी. पाणी उकळून घेतलं, खिचडी टाकली. तेवढ्यात बायकोचा फोन. घर तिथून गाडीने वीस मिनिटांवर. "इथे येऊन झोपा की. सकाळी परत सोडते." मेहुणा डगमगला होता, हे मी इथे नोंदवून ठेवतो. रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरलं आणि तंबूबाहेर पोसम, म्हणजे मांजराएवढा निशाचर प्राणी, भांडी चाळत बसला.

दुसरा दिवस: सीमेवरून डफीपर्यंत

सकाळची वाट अक्षरशः सीमेवरून जाते. डावीकडे राजधानीचा प्रदेश, उजवीकडे न्यू साउथ वेल्स राज्य. १९१० ते १९१५ या काळात मोजणीदारांच्या टोळ्यांनी ही हद्द पायी आखली. काम माउंट कोरीवरून सुरू झालं, पहिला मोजणीदार पर्सी शीफ. बऱ्याच ठिकाणी हद्द पाणलोटाच्या कडेने नेलेली आहे, कारण राजधानीला पाणी लागणार आणि पाणी जिथून येतं ती जमीन आपल्या हातात हवी, हा विचार आधीच केलेला. मोजणीदार झाडांच्या साली तासून खोडावर खुणा कोरत आणि दगडांचे चर मांडून दिशा दाखवत. अशा खुणांपैकी काही अजून टिकून आहेत.

वन ट्री हिलवरून हा सगळा मामला एका नजरेत येतो. एका बाजूला मेंढ्यांची हिरवी कुरणं, कुठे एखादं शेतघर. दुसऱ्या बाजूला गंगालिनची नवी कोरी वस्ती, राखाडी छपरं एकमेकांना चिकटलेली, झाडं अजून काठीएवढी. माझंही घर त्यातच कुठेतरी. जुन्या भागांत जी झाडी आहे ती या नव्या वस्त्यांत यायला अजून बराच काळ लागेल. घरं मोठी, अंगण नावापुरतं. बुश कॅपिटल, म्हणजे रानातली राजधानी, म्हणून मिरवणाऱ्या शहराने इथे हात आखडता घेतलाय, असं माझं मत.

उतरताना मागच्या चाकातून फुस्स झालं. गारगोटीच्या धारेने टायरची बाजू कापली होती, नखाएवढी चीर, आणि त्यातून सीलंट, म्हणजे टायरमधलं भोकं बुजवणारं द्रव, पांढरा फेस काढत बाहेर. ट्यूबलेस टायरचं भोक बुजवायची दोरी घालून पाहिली, ती धरेना. बाजूच्या भिंतीला चीर गेली की दोरीचं काही चालत नाही. शेवटी टायर उतरवला, सगळा चिकट चीक पुसला आणि ट्यूब घालायची ठरली. पण नुसती ट्यूब घातली तर हवा भरल्यावर चिरेतून फुगा बाहेर येणार. आतून काहीतरी चिवट लावायला हवं होतं. मी पाकिटातून पाच डॉलरची नोट काढली. इथल्या नोटा प्लॅस्टिकच्या, फाटत नाहीत. चौपदरी घडी घालून चिरेवर बसवली, ट्यूब आत, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. त्या नोटेच्या एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला पार्लमेंट असतं. मेहुण्याने फोटो काढून कोथरूडच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली काय काय प्रतिक्रिया आल्या त्या इथे देण्यासारख्या नाहीत. नोट शेवटपर्यंत टिकली, एवढं सांगतो.

हॉल हे खेडं राजधानीपेक्षा जुनं, १८८२ सालचं. कॉफी आणि मीट पाय (मांस भरलेली पेस्ट्री) मिळतो. शाकाहारी मेहुण्याने दशमी काढून वर कॉफी घेतली. तिथून दक्षिणेला वळल्यावर वाट वस्त्यांच्या कडांनी जाते आणि इथे वसंतातलं खास संकट सुरू होतं: मॅगपाय. काळापांढरा, कावळ्याहून थोडा लहान पक्षी, एरवी गळा सुरेख. पण घरट्यात पिल्लं असली की नर डोक्यावर झेपावतो आणि सायकलवाल्यांवर त्याचा विशेष राग. आधी जमिनीवर सावली सरकते, मग कानामागे पंखांचा झपाटा आणि हेल्मेटवर चोचीचा टक् असा आवाज. पळून जावं तर तो आणखी चेकाळतो. इथले लोक हेल्मेटला प्लॅस्टिकचे केबल टाय उभे खोचतात. मी मेहुण्यालाही लावले होते, तो सकाळपासून साळिंदरासारखा दिसत होता आणि त्यावरून कुरकुरत होता. पहिला टोला बसल्यावर कुरकुर बंद झाली. त्या रस्त्यावर बिऱ्हाड करून असलेला तो पक्षी म्हणे चेहरे लक्षात ठेवतो. तसं असेल तर परतीची वाट वेगळी आहे हे आमचं नशीब.

ब्रूस रिजवर सिंगल ट्रॅक लागला आणि दिवस फिरला. अरुंद, घट्ट मातीचा, झाडांतून वळणं घेत जाणारा, छोटे दगड, छोट्या उड्या. दोन दिवस सामान वाहून कंटाळलेल्या सायकली एकदम हलक्या वाटायला लागल्या. ब्लॅक माउंटनच्या (८१२ मीटर) पायथ्याने जाताना मात्र सावकाश जावं. वर १९५ मीटरचा मनोरा आहे, पण बघायचं ते खाली. कोरडी, खडकाळ, निकृष्ट दिसणारी जमीन आणि त्यात वसंतात रानऑर्किडं उमलतात. एक निळं फूल आम्ही गुडघ्यावर बसून पाहिलं. करंगळीच्या नखाएवढं, पाकळ्यांवर ठिपके. उभ्याने ते कधीच दिसलं नसतं.

पुढे नॅशनल आर्बोरेटम. २५० हेक्टरांवर जगभरातल्या दुर्मिळ झाडांची नव्वदहून अधिक छोटी जंगलं, २०१३ साली लोकांसाठी खुलं झालेलं. बरीचशी झाडं अजून पोरसवदा. पण दोन राया जुन्या आहेत, १९१७ पासून लावलेल्या: एक बुचाच्या ओकची, दुसरी देवदारांची. बुचाची साल अंगठ्याने दाबली की दबते आणि सोडली की परत वर येते, जिवंत झाडावर हे करून पाहताना गंमत वाटते. देवदारांच्या रायीत शिरल्यावर मेहुणा सायकल टेकवून उभा राहिला. मनालीचा वास, म्हणाला. खरोखर तोच वास, खाली सुयांचा तोच गालिचा. फक्त वर बसून काकाकुवा बोंबलत होते.

देवदारांतली बरीच झाडं १८ जानेवारी २००३ रोजी जळली. त्या दिवशी दुपारी पश्चिमेकडच्या डोंगरांतला वणवा वाऱ्यावर स्वार होऊन शहरात शिरला. काही तासांत चार माणसं गेली आणि सुमारे पाचशे घरं. माउंट स्ट्रॉमलोवरची १९२४ सालची वेधशाळा दुर्बिणींसकट जळाली. तिचे काही सांगाडे तसेच ठेवलेत, छप्पर नसलेली गोल भिंत आणि आत आकाश. टेकडीवरचं पाइनचं लागवडीचं जंगल राख झालं, आणि त्या मोकळ्या उतारावर नंतर माउंटन बाइकिंगचे ट्रॅक आखले. २००९ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथे झाली. आज इथे उड्या मारणाऱ्या बऱ्याच पोरांचा जन्म वणव्यानंतरचा.

मुक्काम डफीत, एका मराठी मित्राकडे. डफी हे वणव्याने सर्वांत जास्त होरपळलेलं उपनगर, दोनशेहून अधिक घरं एकट्या इथली. मित्राच्या गल्लीत घरं सगळी एकाच वयाची दिसतात, मध्येच एखादं सत्तरच्या दशकातलं विटांचं, ते वाचलेलं. त्याच्या शेजारच्या आजोबांनी त्या दुपारी बागेची नळी घेऊन छपरावर बसून घर वाचवलं होतं. नळाचं पाणी मध्येच गेलं, असं ते सांगत होते. रानाला लागून राहायचं तर त्याची ही किंमत, आणि दर उन्हाळ्यात पन्हाळी साफ करताना इथल्या लोकांना ती आठवते. वहिनींनी मसालेभात आणि मठ्ठा केला होता. आम्ही किती खाल्लं ते विचारू नये.

तिसरा दिवस: नदी, साप आणि परत चढ

कूलमन रिजवरून सकाळी ब्रिंदाबेला डोंगर निळे दिसत होते. उताराने कांबा पूलला (हा पूल म्हणजे इंग्रजी पूल, नदीतला डोह), मरंबिजी नदीवर. १,४८५ किलोमीटर लांबीची ही नदी, शेवटी मरीला मिळते. ऑस्ट्रेलियाच्या धान्याचा आणि भाताचा मोठा पट्टा हिच्यावर पोसला जातो. इथे ती अजून डोंगरातली, खडकांतून वाहणारी. कांबा पूलच्या एका टोकाला विवस्त्र पोहणाऱ्यांसाठी राखलेली जागा आहे आणि तशी पाटीही. मेहुण्याने पाटी दोनदा वाचली. पाणी बर्फासारखं होतं, त्यामुळे तिकडे कुणी नव्हतं. आम्ही पाय बुडवले तेवढेच.

नदीकाठच्या वाटेवर तपकिरी साप आडवा पडला होता, ईस्टर्न ब्राउन, हाताच्या अंगठ्याएवढा जाड. जगातल्या अतिविषारी सापांत याचं नाव फार वरचं. थंडी संपली की तो उन्हाला येतो आणि सायकलची वाट त्याला मोकळी सापडते. नियम एकच: थांबायचं, मागे सरायचं, त्याला जायला वेळ द्यायचा. त्याने भरपूर घेतला. तोवर आम्ही केळी खाल्ली.

टगरनाँगला शहर पुन्हा भेटतं, मॉल, तलाव, बसथांबे. पाण्याच्या बाटल्या भरल्या. इथून परत पार्लमेंटपर्यंतचा पट्टा नकाशावर किरकोळ दिसतो आणि पायांना सगळ्यात महाग पडतो. वॉनियासा हिल्स, फेरर रिज, आयझॅक्स रिज, एकामागून एक. प्रत्येक टेकडीवर चढायचं, तेवढंच उतरायचं. दुपारचं ऊन आणि मुरूम. बोलणं बंद झालं होतं. आयझॅक्सच्या पाइनच्या सावलीतले उतार मात्र झकास, आणि तिथे मेहुणा मला मागे टाकून गेला ते थेट पुढच्या फाटकापर्यंत.

शेवटी रेड हिल चढून आम्ही पार्लमेंटसमोर आलो. बायको गाडी घेऊन उभी होती, सोबत थर्मासमध्ये चहा. तिने आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गाडीच्या सीटवर जुनी चादर अंथरली.

कुणाला जायचं असेल तर: सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल धरा. जानेवारीत जाऊ नका, ऊन आणि वणव्याची भीती दोन्ही. हार्डटेल पुरते, टायर मात्र रुंद आणि जाड भिंतीचे घ्या. उत्तर सीमेच्या टप्प्यात दुकान नाही, माणशी तीन लिटर पाणी ठेवा. फाटकं उघडलीत तर लावून घ्या, मेंढ्यांचे मालक ओरडतात. आणि टगरनाँगनंतरच्या चढांसाठी पूर्ण अर्धा दिवस राखून ठेवा.